उडालेला पक्षी की उडवलेला पक्षी? उडत्या पक्ष्यांचे फोटो काढण्याचा छंद



दिवाळीची सुट्टी जवळ आली की पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो. "पोरगं सारखं पक्ष्यांच्या मागे असतं, मोबाइलवर फोटो काढतं, त्याला चांगला कॅमेरा घेऊन देऊ का?" प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर 'हो' किंवा 'नाही' इतकं छोटं नाही. उडत्या पक्ष्याचा फोटो काढायचा म्हणजे वेग, वारा, ऊन, भरती-ओहोटी आणि पक्ष्याचा स्वभाव एवढं सगळं कळावं लागतं. त्यात गणित आहे, विज्ञान आहे, भूगोल आहे. शिवाय एक प्रश्न आहे, जो कुठल्याच पाठ्यपुस्तकात धड्याच्या शेवटी येत नाही : हा पक्षी आपणहून उडाला, की आपण उडवला?

आजचा लेख या छंदावर. मुलांना समजावताना उपयोगी पडेल अशा रीतीने लिहिला आहे.

पनवेलकरांचं भाग्य

पनवेल हे गाव मोठं मजेशीर जागी वसलं आहे. एका बाजूला खाडी, खारफुटी आणि चिखलाचे सपाट पट्टे. दुसऱ्या बाजूला प्रबळगड, माथेरान, कर्नाळा असे डोंगर. मधे गाढी नदी, शेतं आणि वडाळे तलावासारखी गावातली तळी. त्यामुळे थोड्याशा अंतरात पाण्यातले, माळावरचे आणि जंगलातले असे तिन्ही प्रकारचे पक्षी दिसतात.

कर्नाळा पक्षी अभयारण्य तर पनवेल तालुक्यातच आहे. १९६८ साली ते जाहीर झालं. राज्यातल्या अगदी जुन्या पक्षी अभयारण्यांपैकी ते एक. मुंबई-गोवा महामार्ग त्याच्यातूनच जातो, आणि किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका लांबूनच ओळखू येतो. खाडीच्या बाजूला ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे. ते २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ साली त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला. हिवाळ्याच्या सुमारास येणारे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, पावसाळा तोंडावर येईपर्यंत या खाडीत आणि नवी मुंबई, उरणच्या पाणथळींत असतात.

आपल्याच रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या किहीम गावी, डॉ. सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास सुगरण पक्ष्याच्या वसाहतीचा अभ्यास केला. रोज बसून, पाहून, टिपून. त्या निरीक्षणातून सुगरणीच्या घरट्यामागचं सगळं कुटुंबशास्त्र त्यांनी उलगडलं. कॅमेरा हातात घेण्याआधी मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी. आधी डोळे, मग वही, मग कॅमेरा.

बंदूक होती, पण गोळी नव्हती

उडत्या पक्ष्याचा फोटो ही हौसेची गोष्ट आज झाली. सुरुवातीला तो विज्ञानाचा प्रश्न होता. पक्षी नेमका उडतो कसा? पंख खाली येताना त्यांचा आकार काय होतो? डोळ्यांना हे दिसत नाही, कारण सगळं फार झटपट घडतं.

फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. त्यांनी १८८२ साली एक 'छायाचित्र बंदूक' बनवली. दिसायला बंदूकच. खांद्याला लावायची, नेम धरायचा आणि चाप ओढायचा. पण आत गोळीऐवजी फिरणारी काच होती आणि एका सेकंदात १२ चित्रं उमटायची. पक्ष्यावर नेम धरायचा, चाप ओढायचा, आणि पक्षी मजेत उडून जायचा! पुढे १८९० साली त्यांनी पक्ष्यांच्या उड्डाणावर पुस्तक लिहिलं. विमान अजून जन्मायचं होतं. राइट बंधूंचं पहिलं उड्डाण १९०३ चं. म्हणजे माणूस उडायच्या आधी त्याने पक्ष्यांचे फोटो काढून उडणं समजून घेतलं.

आपल्याकडच्या जुन्या पक्षी छायाचित्रकारांचे फोटो पाहिलेत तर बहुतेक घरट्यावरचे दिसतील. तेव्हा फिल्म मंद, कॅमेरे जड. पक्षी हमखास परत येणार अशी जागा एकच, ती म्हणजे घरटं. मग जवळ लपण उभारायचं आणि तासन्‌तास बसायचं. आजचे कॅमेरे वेगवान आहेत. उडता पक्षी टिपता येतो, त्यामुळे घरट्याजवळ जायची गरजच उरलेली नाही. हा या छंदाचा मोठाच फायदा आहे, आणि तो मुलांच्या मनावर ठसवायला हवा.

उडता पक्षी धूसर का येतो?

इथे गणित आलं. सातवी-आठवीच्या मुलांना सहज जमेल असं.

बगळा ताशी ३६ किलोमीटर वेगाने उडतोय असं धरू. ३६ किलोमीटर म्हणजे ३६,००० मीटर, आणि एका तासात ३,६०० सेकंद. म्हणजे बगळा एका सेकंदात १० मीटर जातो. आता कॅमेऱ्याची खिडकी, म्हणजे शटर, जेवढा वेळ उघडी राहील तेवढ्या वेळात बगळा किती सरकेल?

शटर सेकंदाचा ५०वा भाग उघडलं, तर बगळा २० सेंटिमीटर सरकतो. फोटोत बगळा नाही, पांढरा फराटा येतो.

शटर सेकंदाचा ५००वा भाग उघडलं, तर तो २ सेंटिमीटर सरकतो. बगळा ओळखू येतो, पण डोळा स्पष्ट नाही.

शटर सेकंदाचा २०००वा भाग उघडलं, तर फक्त ५ मिलिमीटर. आता पिसं मोजता येतात.

आपण पक्ष्याबरोबर कॅमेराही फिरवला, तर शरीराचा धूसरपणा आणखी कमी होतो. पण पंखांची टोकं वर-खाली होतच असतात, आणि त्यांचा वेग वेगळा. म्हणून लहान, भराभर पंख मारणाऱ्या पक्ष्याला शटर आणखी वेगवान लागतं. घार पंख पसरून तरंगत असेल, तर सेकंदाच्या १०००व्या भागातही काम भागतं.

आता दुसरा मुद्दा, अंतराचा. पनवेलहून लोकलने जाताना खिडकीतून बघा. रुळाजवळचे खांब सर्रकन मागे जातात, पण लांबचा डोंगर जागचा हलत नाही. पक्ष्याचंही तसंच. आपल्यापासून १० मीटरवरून आडवा जाणारा बगळा एका सेकंदात सुमारे ५० अंश कोनातून जातो. तेवढी मान वळवायला आपल्यालाही कष्ट पडतात. तोच बगळा ५० मीटरवर असेल, तर त्याच सेकंदात सुमारे ११ अंशच. म्हणून नवशिक्याने जवळच्या पक्ष्यामागे धावू नये. जरा लांबचा, मोठा, संथ पक्षी निवडावा. फोटो चांगला येतो आणि पक्षीही घाबरत नाही.

तिसरा मुद्दा, लेन्सच्या चौकटीचा. ३६ मिलिमीटर रुंद सेन्सर आणि ४०० मिलिमीटरची लेन्स असेल, तर ५० मीटरवर चौकटीत किती रुंदी मावेल? सरळ प्रमाण मांडा : ३६ भागिले ४०० गुणिले ५०. उत्तर साडेचार मीटर. त्यात एक मीटर पंखविस्ताराचा लहान बगळा आरामात बसतो, वर त्याला पुढे उडायला मोकळी जागाही राहते. मुलांना 'समरूप त्रिकोण कुठे उपयोगी पडतात?' असा प्रश्न पडला, तर हे उदाहरण द्या.

ऊन, वारा आणि भरती

कॅमेऱ्यापेक्षा जास्त उपयोगाची माहिती या तीन गोष्टींत आहे, आणि ती फुकट मिळते.

पक्षी उडताना आणि उतरताना शक्यतो वाऱ्याला तोंड देतो. समोरून येणाऱ्या वाऱ्यामुळे पंखांना उचल मिळते. विमानंही तसंच करतात. म्हणजे आपली पाठ वाऱ्याकडे असेल, तर उतरणाऱ्या पक्ष्याचं तोंड आपल्याकडे असतं.

आता आपल्या किनाऱ्यावरची गंमत पाहा. हिवाळ्यात सकाळी वारा बहुधा जमिनीकडून, पूर्वेच्या बाजूने येतो, आणि सूर्यही पूर्वेलाच असतो. दुपारनंतर समुद्रावरून, पश्चिमेकडून वारा सुटतो आणि सूर्यही पश्चिमेला कललेला असतो. म्हणजे दोन्ही वेळा 'सूर्याकडे पाठ करून उभे राहा' हा एकच नियम पुरतो. ऊन पक्ष्याच्या अंगावर पडतं आणि पक्षी आपल्याकडे तोंड करून येतो. भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे मुलांना याहून चांगले कुठे दिसणार?

घारी मात्र सकाळी लवकर शोधू नका. ऊन तापलं, जमिनीलगतची हवा गरम होऊन वर जाऊ लागली, की त्या लिफ्टमध्ये बसल्यासारख्या पंख न हलवता वर चढतात. नऊ-दहानंतर मान वर करा, घिरट्या दिसतील.

तिसरी गोष्ट भरती. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पक्षी खाण्यासाठी लांबवर पसरतात. भरती चढू लागली की ते मागे सरकत किनाऱ्याजवळ येतात, आणि चिखल बुडाला की थवेच्या थवे उठून विसाव्याच्या पाणथळींकडे जातात. उडत्या थव्यांचे फोटो मिळायची हीच वेळ. भरतीची वेळ काढायला आपल्या कोळी बांधवांचा हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा एकापासून मोजायचं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. हिशेब ढोबळ आहे, जाण्याआधी भरतीचं वेळापत्रक पाहावंच. पण अपूर्णांकांचा गुणाकार शिकवायला याहून सुंदर उदाहरण मला तरी माहीत नाही.

एक सावधगिरी. खाडीच्या चिखलात मुलांना उतरू देऊ नका. पाणी चढतं तेव्हा परतीची वाट आधी बुडते. बांधावर, जेट्टीवर, पक्क्या जागी उभं राहायचं. रेल्वेरूळ आणि महामार्गाची कडा ही फोटोची जागा नव्हे. आणि लेन्समधून सूर्याकडे कधीही पाहायचं नाही.

कॅमेरा असा लावा

ज्यांच्याकडे कॅमेरा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात.

१. शटर सेकंदाच्या १६००व्या ते २०००व्या भागावर ठेवा. आयएसओ आपोआप ठरू द्या. फोटोत थोडे दाणे आले तरी चालतील. दाणेदार पण स्पष्ट फोटो बरा, गुळगुळीत पण हललेला नको.

२. फोकस 'सतत' प्रकारचा निवडा. काही कॅमेऱ्यांत त्याला एएफ-सी म्हणतात, काहींत एआय सर्व्हो. पक्षी जवळ येत असताना कॅमेरा फोकस बदलत राहतो. नव्या कॅमेऱ्यांत पक्ष्याचा डोळा आपोआप शोधायची सोयही असते.

३. एकापाठोपाठ एक फोटो काढायची सोय सुरू ठेवा, पण बटण दाबून धरू नका. तीन-चार फोटोंचा एक झटका, मग थांबायचं. नाहीतर घरी येऊन हजार फोटो निवडत बसावं लागतं.

४. पांढरा बगळा काळपट खारफुटीसमोर असेल, तर कॅमेरा फसतो. त्याला सगळं जग राखाडी असावं असं वाटतं, म्हणून तो फोटो उजळ करतो आणि बगळ्याची पिसं पांढरीफटक होऊन जातात. तेव्हा उजेड एक पायरी कमी करा. उलट, उजळ आभाळासमोर घार असेल तर ती काळी ठिक्कर येते. तेव्हा एक पायरी वाढवा.

५. डावा हात लेन्सखाली, दोन्ही कोपर बरगड्यांना टेकलेले, पाय जरा फाकलेले. वळायचं ते कमरेतून, फक्त हातांनी नाही. पक्षी लांब असतानाच त्याला चौकटीत धरा, बरोबर फिरत राहा, आणि बटण दाबल्यावरही फिरणं थांबवू नका. फलंदाज चेंडू मारल्यावरही बॅट पुढे नेतो, तसंच.

सरावासाठी लांब जायला नको. वडाळे तलावावरचे बगळे आणि पाणकावळे, गच्चीवरची कबुतरं, गावावर फिरणाऱ्या घारी पुरेशा आहेत. कर्नाळ्याच्या जंगलात मात्र उडते फोटो मिळतील या आशेने जाऊ नका. तिथे झाडी दाट, उजेड कमी. ते रान ऐकायला जायचं रान आहे. भृंगराज, श्यामा, शीळकरी कस्तूर यांचे आवाज मुलांना ओळखायला शिकवा. मोकळ्या जागी आल्यावर वर पाहा, एखादा सर्पगरुड घिरट्या घालताना दिसू शकतो.

मोबाइल असला तरी चालेल का?

चालेल. मोबाइलवर एकट्या पक्ष्याचा जवळून फोटो येणार नाही, हे आधीच सांगून टाका, म्हणजे मूल हिरमुसणार नाही. पण संध्याकाळच्या तांबड्या आभाळासमोरून परतणाऱ्या बगळ्यांची रांग मोबाइलवर फार छान येते.

त्याहून मोलाची सोय म्हणजे संथगती व्हिडिओ. बऱ्याच मोबाइलमध्ये एका सेकंदात २४० चित्रं घेता येतात. मारे यांच्या बंदुकीत १२ होती! कबुतर उडतानाचा असा व्हिडिओ घ्या. पंख वर असल्यापासून पुन्हा वर येईपर्यंत किती चित्रं गेली ते मोजा. समजा ४० गेली, तर २४० भागिले ४०, म्हणजे सेकंदाला ६ वेळा पंख मारले. मग कावळा मोजा, बगळा मोजा, चिमणी मोजा. जेवढा पक्षी लहान, तेवढे पंख भराभर, असा निष्कर्ष मुलं स्वतःच काढतील. आपण सांगायची गरज पडणार नाही.

उडाला की उडवला?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

बसलेला थवा फोटोत साधा दिसतो. उठलेला थवा भारी दिसतो. म्हणून काही जण टाळ्या वाजवतात, दगड भिरकावतात, थव्याच्या दिशेने पळत सुटतात. फोटो मिळतो, लोक वाहवा करतात. पण त्या फोटोची किंमत पक्ष्याने मोजलेली असते.

हिवाळ्यात आपल्या चिखलावर दिसणारे छोटे तुतवार मध्य आशियातून, सैबेरियातून आलेले असतात. मार्च-एप्रिलमध्ये त्यांना तेवढंच अंतर परत जायचं असतं. त्या प्रवासाचं इंधन म्हणजे अंगावरची चरबी. ती साठवायला त्यांना ओहोटीचे थोडेच तास मिळतात. त्या वेळात दर दहा मिनिटांनी कुणीतरी उडवलं, तर खाणं कमी आणि दमणं जास्त. रोहित पक्ष्याला उडण्यासाठी आधी पाण्यात धावत वेग घ्यावा लागतो. त्याला पुन्हा पुन्हा उठवणं म्हणजे जेवायला बसलेल्या माणसाला दर घासाला उठवून जिना चढायला लावण्यासारखं आहे.

पक्षी उडण्याआधी सांगतो. खाणं थांबवतो, मान ताठ करतो, आपल्याकडे बघतो, दोन पावलं बाजूला सरकतो, एखादा ओरडतो. ही खूण दिसली की आपण थांबायचं आणि दोन पावलं मागे यायचं. तो पुन्हा खायला लागला, तर आपलं अंतर बरोबर आहे. मुलांना ही भाषा वाचता आली की अर्धा पक्षी-अभ्यास झाला म्हणून समजा.

आमिषाचंही तसंच. हिवाळ्यात गेटवे-मांडवा बोटीवर लोक कुरव पक्ष्यांना वेफर्स आणि शेव टाकतात, म्हणजे ते जवळ येतात आणि फोटो मिळतो. तळलेलं, खारट खाणं हा त्यांचा आहार नव्हे. बोटीच्या मागे पाणी घुसळलं जातं, तिथे ते असेही येतात. थोडा धीर धरा, इतकंच.

घरट्याबाबत तर कायदाच स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणं येतं. म्हणजे फोटोसाठी घरट्यापुढची फांदी मोडणं ही नुसती खोडी नाही. पक्ष्याचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला बोलावणंही टाळा. विणीच्या दिवसांत नराला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा घुसला, आणि तो सगळी कामं सोडून त्या आवाजामागे फिरत राहतो. अभयारण्यात जाताना प्रवेशद्वारावरचे नियम वाचा, शुल्क भरा, पावती जवळ ठेवा. ड्रोन तर नकोच.

मग चांगला उडता फोटो मिळवायचा कसा? जागा आधी निवडायची, भरतीची वेळ पाहायची, सूर्याकडे पाठ करून बसायचं आणि वाट बघायची. पक्षी कधी ना कधी आपल्या कामासाठी उडणारच आहे. भरतीमुळे, भुकेमुळे, घारीच्या भीतीमुळे, संध्याकाळ झाल्यामुळे. त्या उडण्याचा फोटो काढायचा. त्यात पक्ष्याची गोष्ट असते. उडवलेल्या पक्ष्याच्या फोटोत फक्त आपली घाई असते.

फोटो पुढे कुणाच्या कामाला येतो?

उडताना पक्ष्याची ओळख पटवणाऱ्या बऱ्याच खुणा उघड होतात. घारीची शेपटी टोकाला दुभंगलेली, तर डोकं पांढरं आणि अंग विटकरी असलेल्या ब्राह्मणी घारीची शेपटी गोलसर. समुद्र गरुडाची शेपटी पाचरीसारखी. कुरवांच्या पंखांच्या टोकांवरचे पांढरे ठिपके बसल्यावर नीट दिसत नाहीत, उडताना दिसतात. फोटो असला की घरी बसून, पुस्तक उघडून खात्री करता येते.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नोंद. प्रत्येक फोटोत तारीख आणि वेळ आपोआप साठते. त्याला जागा आणि संख्या जोडली, की ती माहिती होते. ई-बर्ड या संकेतस्थळावर जगभरचे लोक अशा नोंदी टाकतात आणि शास्त्रज्ञ त्या वापरतात. फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षीगणना असते, तिच्यात शाळा-महाविद्यालयांच्या आवारातली गणनाही होते.

पनवेल परिसरात हे का महत्त्वाचं, ते वेगळं सांगायला नको. डोळ्यांसमोर रस्ते रुंद झाले, टेकड्या सपाट झाल्या, इमारती उठल्या. २०२५ साली नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. उरणच्या पाणथळी भराव घालून बुजवण्यावरून वर्षानुवर्षं वाद चालू आहेत. मे २०२४ मध्ये घाटकोपरजवळ उतरणाऱ्या विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित पक्षी मेले, हे आपण बातम्यांत वाचलं. पक्षी कुठून कुठे जातात, कोणत्या महिन्यात, भरतीच्या कोणत्या वेळी, ही माहिती जितकी जास्त, तितका विचार नीट करता येतो. आणि एखादी पाणथळ 'पडीक जागा' म्हणून कागदावर आली, तर तिथे दरवर्षी काय उतरत होतं ते सांगायला तारखेसह फोटो लागतात. आठवणी पुरावा होत नाहीत. आज नववीतल्या मुलीने काढलेला साधा, थोडा लांबचा फोटोही उद्या उपयोगी पडू शकतो. सुंदर असण्यापेक्षा तो खरा असणं महत्त्वाचं.

एक अपवाद लक्षात ठेवा. घरट्याची किंवा घुबडाच्या ढोलीची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. दुसऱ्या दिवशी तिथे गर्दी होते.

शाळेत काय करता येईल?

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर हा सालिम अली यांचा. त्या आठवड्यात हे चार उपक्रम घेऊन पाहा.

*पंख मोजा.* वर सांगितल्याप्रमाणे संथगती व्हिडिओवरून पाच पक्ष्यांचे पंखमारे मोजून तक्ता आणि स्तंभालेख करणे.

*थवा मोजा.* थव्याच्या फोटोवर चौकटी आखायच्या. एका चौकटीतले पक्षी मोजून चौकटींच्या संख्येने गुणायचं. मग एकेक करून खरे मोजायचे. अंदाज किती चुकला ते शेकड्यात काढायचं.

*भरतीचं कोष्टक.* दिनदर्शिकेतली तिथी पाहून पंधरा दिवसांच्या भरतीच्या वेळा काढायच्या आणि छापील वेळापत्रकाशी ताडून बघायच्या.

*फोटोमागची गोष्ट.* प्रत्येकाने एक फोटो निवडून पाच ओळी लिहायच्या : पक्षी कोणता, कुठे, केव्हा, तो का उडाला, आणि आपण किती लांब होतो. पक्ष्यांची मराठी नावंच वापरायची. शेकाट्या, चित्रबलाक, वेडा राघू, खंड्या. ही नावं मुलांच्या तोंडी राहिली तर टिकतील.

फोटो स्पर्धा ठेवलीत, तर गुण देताना 'तो का उडाला?' या ओळीला अर्धे गुण ठेवा. मुलांचं लक्ष आपोआप योग्य जागी जाईल.

आणि त्या कॅमेऱ्याचं काय?

पालकहो, आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पहिलं वर्ष कॅमेरा नको. एक बरी दुर्बीण घ्या, आठ पट मोठं दाखवणारी पुरते. एक पक्ष्यांचं पुस्तक, एक वही. घरात असलेला मोबाइल आहेच. महिन्यातून दोन रविवार मुलाबरोबर तुम्हीही जा. वर्षभरात वहीत पन्नास पक्षी झाले, आणि मूल स्वतःहून 'आज अष्टमी आहे, सकाळी सहाला भरती' असं सांगू लागलं, तर कॅमेऱ्याचा विचार करा. तोही वापरलेला, लांब झूमचा मिळाला तर उत्तम. वही तिसऱ्या पानावर थांबली, तर तुमचे हजारो रुपये वाचले, आणि मुलाचंही काही बिघडलं नाही.

आणि मूल फोटो दाखवायला आलं, की 'वा, किती छान!' म्हणण्याआधी एकदा विचारा, "हा उडाला होता, की तू उडवलास?" दोन-तीनदा विचारलंत की पुढे विचारावं लागणार नाही. ते मूल खाडीकाठी स्वतःलाच विचारेल.

तुमच्या शाळेत यातला कोणता उपक्रम घेतलात, मुलांनी काय मोजलं, ते नक्की कळवा.